घरी वापरला जाणारा हातही बघायला हवा
ताई, तपासणीत लेकाची पकड चांगली निघाली, पण घरी तो डावा हात वापरतच नाही, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही खरं असू शकतं. सेरेब्रल पाल्सीत (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर परिणाम होतो, त्यात) मॅक्स म्हणजे हात वापरण्याच्या क्षमतेची वर्गवारी; तिच्या 1 ते 5 पातळ्या (वय 4 ते 18) मूल रोज हात कसे वापरतं यावरच ठरतात, म्हणून आईचं सांगणं फार मोलाचं. आम्ही नागपूरचे, घरात संत्री कायम. माझी लेक उजव्या हाताने साल ओढते, डाव्याची मूठ वळलेलीच; मग संत्रं पोटाशी दाबून धरते. तपासणीत टेबलावर ठोकळे उचलताना हे दिसलंच नव्हतं! घरचा असा व्हिडिओ काढून थेरपिस्टना नक्की दाखवा. एकाच बाजूला त्रास असेल तर असिस्टिंग हँड असेसमेंट या चाचणीबद्दलही विचारा; खेळताना त्रास असलेला हात दुसऱ्याला कितपत साथ देतो, ते त्यात बघतात.