शब्दचर्चा : वेल्श कुलचिन्हांतला ‘ब्रान’ म्हणजे कोणता कावळा?

प्रश्न : वेल्समधील जुन्या घराण्यांच्या ढालींचे वर्णन मराठीत लिहिताना ‘ब्रान’ (वेल्शमध्ये कावळा) या शब्दासाठी सरसकट ‘डोमकावळा’ वापरणे योग्य ठरेल काय?

उत्तर : माझ्या मते नाही. आपला डोमकावळा हा जाड चोचीचा काळाभोर पक्षी निराळा, आणि १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत हेन्री ट्यूडरच्या बाजूने उतरलेल्या सर रीस ॲप थॉमस यांच्या ढालीवरचे तीन पक्षी निराळे. ते रॅव्हन, म्हणजे कावळ्याच्याच कुळातले पण आकाराने मोठे काळे पक्षी आहेत. वेल्शमध्ये त्याला ‘किगव्रान’ म्हणतात. ‘किग’ म्हणजे मांस, त्यामुळे शब्दशः ‘मांसकावळा’, आणि रणांगणावर प्रेतांभोवती जमणाऱ्या पक्ष्याला हे नाव किती नेमके बसते ते सांगायला नको. मराठीत ‘रॅव्हन’ हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखात त्याचा खुलासा करावा.

खरी पंचाईत ईशान्य वेल्समधील फ्लिंटशर या परगण्याच्या चिन्हात आहे. तेगाइंगलचा एडविन या अकराव्या शतकातील सरदाराचे म्हणून सांगितले जाणारे हे चिन्ह रुपेरी ढालीवर काळा क्रूस आणि त्याच्या चार कोपऱ्यांत चार पक्षी असे आहे. (ढालींवरील कुलचिन्हांची पद्धतच बाराव्या शतकात रुजली, तेव्हा ते एडविनच्या नावावर मागाहून चढवलेले आहे, हे उघड आहे.) हे पक्षी ‘चफ’ आहेत. इंग्रजी परिभाषा त्यांना कॉर्नवॉलचे ठरवते, वेल्श भाषा मात्र पायांवरून ओळखते : ‘ब्रान गोइसगोख’, म्हणजे लाल पायांचा कावळा. चोचही लालच असते. अँगलसी बेटाच्या कड्यांवर आणि एरीरी (स्नोडोनिया) या डोंगराळ प्रदेशातील पाटीच्या दगडांच्या जुन्या खाणींत हा पक्षी आजही घरटी करतो. म्हणून ढालीचे वर्णन करताना पाय व चोच यांचा रंग गाळला, तर वाचकासमोर भलताच पक्षी उभा राहतो. ‘लालपायी कावळा’ असे मी सुचवीन.

प्रतिप्रश्न : कार्डिफजवळच्या ‘कास्टेल कोख’ या नावातही ‘लाल’ आहेच ना? मग तिथे ‘कोख’ आणि इथे ‘गोख’ का?

उत्तर : शब्द तोच आहे. समासात दुसऱ्या पदाचा आरंभ मऊ होतो, म्हणून ‘कोइस’ (पाय) आणि ‘कोख’ मिळून ‘कोइसगोख’ होते. पुढे ‘ब्रान’ स्त्रीलिंगी असल्याने त्याच्या विशेषणाचाही आरंभ बदलून ‘गोइसगोख’ होते. आपण ‘काळा’चे ‘काळी’ करताना शब्दाचा शेवट वळवतो, तिथे सुरुवात वळते, एवढाच फरक.

लॅंगॉलेनच्या टेकडीवरील, १२७७ मध्ये जळालेल्या ‘कास्टेल दिनास ब्रान’चे भाषांतर मात्र ‘कावळ्याचा किल्ला’ असे करू नये. इंग्रजांनी ते तसे केले आहे. पण ‘ब्रान’ हे पुराणकथेतील राक्षसदेही राजाचेही नाव आहे, आणि मूळ अर्थाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. विशेषनाम म्हणून ते जसेच्या तसे ठेवणे बरे.