ब्रेडीचे कोणते ३ सामने पाहू?

नवखा_बॉस्टनकर: अमेरिकन फुटबॉलमधल्या टॉम ब्रेडीची कारकीर्द पूर्ण सामने बघूनच समजून घ्यायची आहे. क्वार्टरबॅक (पास टाकून संघाचा हल्ला चालवणारा, ब्रेडीची जागा) नेमकं काय करतो ते कळायला हवं. वेळ एक शनिवार-रविवार, म्हणून ३च. हायलाइट्स नकोत.

केतकी: सुपर बोल (सीझनचा अंतिम सामना) ५१, फेब्रुवारी २०१७. ब्रेडीचा संघ पेट्रियट्स अटलांटाविरुद्ध २८-३ ने मागे, तिथून ओव्हरटाइममध्ये ३४-२८. ६२ पैकी ४३ पास पूर्ण, ४६६ यार्ड. जेम्स व्हाइटवर नजर ठेवा, रनिंग बॅक (मुख्यतः चेंडू घेऊन धावणारा) असून १४ झेल. लांबचा माणूस मोकळा नसेल तर ब्रेडी अडून बसत नाही, जवळच्याला चेंडू देऊन मोकळा होतो.

विदर्भ_ते_व्हर्जिनिया: ३ मध्ये काय होणार? निदान ८ बघा, २००१ च्या सीझनपासून ओळीने. ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडताना) १९९ वा आलेला पोरगा, पहिला क्वार्टरबॅक ब्लेडसो जखमी झाला म्हणून मैदानात. रेडर्सविरुद्धचा बर्फातला सामना, मग सुपर बोल ३६: १७-१७, १:२१ शिल्लक, टाइमआउट एकही नाही. छोटे छोटे पास टाकत किकर व्हिनाटिएरीच्या ४८ यार्डांच्या किकपर्यंत नेलं.

मिलिंद_ओ: रेडर्सच्या सामन्यात ब्रेडीचा सरळसरळ फंबल होता, म्हणजे हातून सुटलेला चेंडू, कोणीही उचलावा असा.

विदर्भ_ते_व्हर्जिनिया: तेव्हाच्या नियमाने नव्हता. हात पुढे गेल्यावर चेंडू परत अंगाशी घेताना सुटला तरी अपूर्ण पास धरायचे. नियम २०१३ मध्ये काढला.

मिलिंद_ओ: म्हणजे नियमच चूक होता. त्यापेक्षा जुना क्वार्टरबॅक मोन्टाना बघा. ४ सुपर बोल, १२२ पास, इंटरसेप्शन (समोरच्याने झेललेला पास) शून्य.

सायली: धागा ब्रेडीचा आहे. माझंही मत ५१. बघताना चेंडूमागे धावू नका. स्नॅपआधी (चेंडू क्वार्टरबॅककडे येण्याआधी) मागे सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, किती ते मोजा. एकच असेल तर कडेच्या रिसीव्हरसमोर बहुधा एकटा कॉर्नर (कडेचा बचावपटू) असतो. मग ब्रेडी पास टाकायला मागे जातो ती पावलं मोजा: ३ म्हणजे छोटा पास, ५ मध्यम, ७ लांब. प्ले क्लॉक (पुढचा डाव सुरू करायचं घड्याळ) १५ सेकंदांवर आलं की हेल्मेटमधला कोचचा आवाज बंद होतो, पुढचे बदल त्याचे स्वतःचे. टीव्हीच्या फ्रेममध्ये सेफ्टी बरेचदा दिसत नाहीत, म्हणून ऑल-२२ (सगळे २२ खेळाडू दिसणारं चित्रण) मिळालं तर तेच घ्या.

प्रणव_जी: सुपर बोल ४९ कसा विसरलात सगळे? सिॲटलच्या त्या डिफेन्ससमोर चौथ्या क्वार्टरला २४-१४ ने मागे, आणि दोन टचडाउन. ४२ मात्र बघू नका. १८-० असलेला संघ १४ गुणांवर अडकला, ५ सॅक (पास टाकण्याआधीच ब्रेडीला पाडलं). अजून जीव जळतो.

नवखा_बॉस्टनकर: अडकला का पण?

सायली: समोरचे जायंट्स बरेचदा ब्रेडीवर चौघांनाच धाडायचे, सात जण मागे पास अडवायला मोकळे. त्यात जस्टिन टक मधून, गार्डच्या (ब्रेडीसमोर मधोमध आड उभ्या रक्षकाच्या) अंगावरून घुसायचा. कडेने येणाऱ्याला ब्रेडी एक पाऊल पुढे सरकून चुकवतो. समोरूनच माणूस आला की सरकणार कुठे? ५२ मध्ये पण तेच. ५०५ यार्ड टाकले, आणि शेवटी समोरच्या संघाच्या ग्रॅहमने गार्डला हरवून हातातला चेंडू उडवला.

नवखा_बॉस्टनकर: मग ठरलं. ४२, ५२, आणि ऑल-२२ मिळालं तर परत ४२.

प्रणव_जी: अहो, दोन्ही हरलेले!

केतकी: ५१ तरी घ्या हो.

विदर्भ_ते_व्हर्जिनिया: २००१ शिवाय काही कळणार नाही, लिहून ठेवा.