मदत हवी: २५ हजारांत स्कूटरवर नेता येईल असं रेकॉर्डिंगचं सामान – इंटरफेस की रेकॉर्डर?

खाडीपलीकडचा
नमस्कार. सरळ विचारतो. घरच्या घरी रेकॉर्डिंग करायचंय, पण सामान उचलून दुसऱ्यांच्या घरीही नेता आलं पाहिजे, तेही स्कूटरवर. बजेट २५ हजार, फारच ताणलं तर ३०. एक तर फोकसराइट स्कारलेटसारखा दोन इनपुटचा इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) आणि एक कंडेन्सर माइक घ्यायचा, नाहीतर झूमचा हातात धरायचा रेकॉर्डर. व्हिडिओ बघून बघून डोकं उठलंय, जो तो आपलंच घोडं दामटतो. चवथीच्या आधी सामान हातात हवं. कृपया "तुमच्या गरजेवर अवलंबून आहे" हे उत्तर नको. यातलं कुठलं, तेवढं सांगा.

तारस्वर
इंटरफेस. विचारच करू नका. आज दोन माइक लावा, उद्या कीबोर्ड लावा, परवा इंटरफेस विकून मोठा घ्या. रेकॉर्डर म्हणजे एकदा घेतला की तेवढंच. सॉफ्टवेअर म्हणून रीपर टाका, ६० दिवस फुकट वापरता येतं. लॅपटॉप कुठला? रॅम किती?

पांढरी_पाच
रेकॉर्ड काय करणार ते कुठेच दिसलं नाही. गाणं? पेटी-तबला? एकटे की ग्रुप?

खाडीपलीकडचा
आरती. चवथ लिहिलं होतं की वर.

पांढरी_पाच
चवथीला आमच्याकडे नेवऱ्याही (करंज्या) होतात हो. आरती म्हणजे टाळ्या वाजवून म्हणायची की घुमट (कातडं चढवलेलं मातीचं वाद्य) वाजवून म्हणायची घुमट आरती? दोन्हींना लागणारं सामान वेगळं. आणि किती माणसं?

खाडीपलीकडचा
घुमट आरती, अर्थात. गोव्यात माशेलला आमचं मूळ घर, तिथून वाड्यावर घरोघरी जातो. दोन घुमटं, कधी तीन, एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कासाळें (मोठी झांज), आणि म्हणणारे दहाबारा. बारकी पोरं मोजलेली नाहीत. काकांना सगळ्या चाली पाठ आहेत, मुंबईचे चुलतभाऊ दर वर्षी क्लिप मागतात. लॅपटॉप जुना आहे, बॅटरी अर्धा तास चालते.

बार्देसकर
एवढा खर्च कशाला? मोबाइल समईजवळ ठेवा, रेकॉर्ड दाबा. आम्ही दर वर्षी तेच करतो. मस्त येतं.

पांढरी_पाच
@बार्देसकर, तुमची क्लिप हेडफोन लावून एकदा ऐका. फोनचं रेकॉर्डर अ‍ॅप बहुधा आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतं. कासाळें वाजलं की सगळ्यांचा गळा दाबल्यासारखा होतो, आणि कडवं संपून शांत झालं की मागचा पंखा फुगून वर येतो. ज्या अ‍ॅपमध्ये हे बंद करून गेन (आवाज किती वाढवून घ्यायचा ते) हाताने ठेवता येतो ते वापरलं तर फोनही बरा चालतो. पण बोलण्यासाठी बनवलेल्या माइककडून घुमटाचा खर्ज मागू नये.

बार्देसकर
आम्हाला तर छान वाटतं. शेवटी भाव महत्त्वाचा.

डी_मायनर
लेटन्सीबद्दल (वाजवणं आणि हेडफोनमध्ये ऐकू येणं यातला उशीर) कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. इंटरफेस घेतलात तर बफर १२८ सॅम्पलवर ठेवा. ४८ किलोहर्ट्झला ते साधारण २.७ मिलिसेकंद होतात, पण जाण्यायेण्याचं धरलं तर त्याहून जास्त. विंडोजवर असिओ ड्रायव्हर कंपनीचाच टाका, फुकटचा सर्वसाधारण टाकू नका. मॉनिटरिंग डायरेक्ट ठेवा. मी गिटारच्या चार लेयर अशाच...

खाडीपलीकडचा
भाऊ, मी एकावर एक ट्रॅक चढवणारच नाही. सगळे एकदम म्हणतात, एकदम वाजवतात. इंटरफेस की रेकॉर्डर, एवढाच प्रश्न आहे.

तारस्वर
तीन घुमटं, शामेळ, कासाळें आणि बारा गळे म्हणजे दोन इनपुट पुरणारच नाहीत. आठ इनपुटचा इंटरफेस बघा. प्रत्येक वाद्याला एक माइक, गाणाऱ्यांना दोन. मग मिक्स करताना कासाळें खाली, काका वर. पुण्यात आम्ही ढोलकीला एकटीला दोन माइक लावतो.

रीळवाला
आठ माइक, आठ स्टँड, आठ केबली, आणि हे सगळं स्कूटरवर. शिवाय यजमानाच्या मखरासमोर केबलींचं जाळं पसरायचं, त्यात पोरं धावतायत आणि कुणाच्या तरी हातात पेटलेली आरती. तारस्वर, तुम्ही घुमट आरती कधी जवळून बघितली आहे का?

आयुष्यभर आवाजाच्याच कामात आहे, म्हणून सांगतो. एका बैठ्या खोलीत आठ माइक लावले तरी प्रत्येकात सगळंच शिरतं. काकांच्या माइकमध्ये कासाळें येणारच. ते खाली आणायला गेलात की काकाही खाली. दोन माइकमधलं अंतर हे माइक ते वाद्य या अंतराच्या निदान तिप्पट ठेवावं असा जुना नियम आहे, नाहीतर तोच आवाज दोन माइकांत पुढंमागं पोचून पोकळ होतो. बैठकीच्या खोलीत तिप्पट अंतर कुठून आणणार?

इथे माइक हलवून फार काही होत नाही, माणसं हलवायची. एक स्टिरिओ जोडी माणसाच्या डोक्याच्या थोडी वर, समोर सहासात फुटांवर. गाणारे अर्धगोलात, काका मधोमध. घुमटं दोन्ही अंगांना एकेक. कासाळेंवाल्याला मागं, दाराच्या चौकटीत उभा करा. तो दोन पावलं मागं गेला की जे मिक्स होतं ते लॅपटॉपवर तासभर बसून होत नाही.

तारस्वर
आणि एकजण बेसूर लागला तर? एकाच स्टिरिओ फाइलमधून त्याला काढणार कसा?

रीळवाला
काढायचा नाही. आरती आहे ती.

तिखट_मीठ
एक शंका. घुमट घोरपडीच्या कातड्याचं आहे का? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बंद आहे. रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकाल आणि वनखातं दारात.

खाडीपलीकडचा
बकऱ्याचं आहे. सगळीकडे आता तेच आहे.

सांतेरीचो_शेजारी
तेच आहे हे खरं, पण तो नाद नाही. आजोबांचं घुमट वाजलं की मातीच्या पोटातून आवाज यायचा. आताची नुसती टकटक करतात. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, पण...

तिखट_मीठ
म्हणजे घोरपडी मारायच्या?

सांतेरीचो_शेजारी
तसं म्हटलं का मी? नाद वेगळा, एवढंच म्हटलं. आणि पावसात बकऱ्याचं कातडं सैल पडतं, वाजवायच्या आधी शेकून घ्यावं लागतं. रेकॉर्डिंग करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. पहिल्या आरतीला एक नाद, पाचव्या घरी दुसराच.

पांढरी_पाच
आमच्या मडगावला मांडो या कोंकणी गाण्यांत व्हायोलिनच्या जोडीला घुमट असतं, तिथेही बकऱ्याचंच. ऐकायला काही कमी वाटत नाही. वादकाच्या हातात काय आहे त्यावर जास्त.

बरं, धाग्यावर परत. @खाडीपलीकडचा, घरोघरी जाणार तर वीज कुठली? यजमानाच्या बोर्डाची? आणि लॅपटॉप चार्जरवर असताना कधी काही रेकॉर्ड करून बघितलंय का?

खाडीपलीकडचा
मित्राचा इंटरफेस आणून बघितला होता. चार्जर लावला की गुंऽऽ आवाज येतो, काढला की जातो. त्यात विशेष काय, सगळ्यांचंच होत असेल.

पांढरी_पाच
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर निम्मा धागा वाचला असता! म्हणजे लॅपटॉप चार्जरवर चालवला तर गुणगुण, आणि बॅटरीवर चालवला तर अर्ध्या तासात बंद. जुन्या घरांत बऱ्याचदा अर्थिंगच धड नसतं, वर गणपतीवरच्या फळापानांच्या माटोळीभोवती दिव्यांच्या माळा. चवथीला लाइट गेली तर काय, ते वेगळंच. तुमच्यासाठी बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर. संपला विषय.

तारस्वर
इंटरफेस फोनलाही लागतो. ओटीजी केबल घ्या, लॅपटॉपची गरजच नाही.

रीळवाला
लागतो. पण कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम, चालू केली की बरेच फोन तेवढी वीज देऊ शकत नाहीत, इंटरफेस बंद-चालू होत राहतो. मग मध्ये पॉवरवाला हब आणि त्याला पॉवर बँक. म्हणजे फोन, हब, पॉवर बँक, इंटरफेस, दोन माइक, आणि मध्येच कुणाचा तरी "पोचलात का?" म्हणून फोन.

ओलसर
कंडेन्सरबद्दल एक गोष्ट कुणी सांगितली नाही. भाद्रपदात आपल्याकडे भिंतीलाही पाणी सुटतं. माइकच्या कॅप्सूलवर (आवाज पकडणाऱ्या भागावर) दमट हवा बसली की माइक तडतड करतो, तेल तापल्यासारखा. गेल्या पावसात माझा ऐन कार्यक्रमात तडतडला. रेकॉर्डरमध्येही कंडेन्सर कॅप्सूलच असतात, त्यांनाही हे लागू. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून परत वापरा. एसीच्या खोलीतून काढून लगेच आरतीत नेऊ नका, चष्म्यासारखं दव धरतं.

डायनॅमिक माइकला एवढे लाड लागत नाहीत. शुअरचा एसएम ५७ घ्या, बिनधास्त.

खाडीपलीकडचा
आता डायनॅमिक आला. झालं.

पांढरी_पाच
गोंधळू नका. डायनॅमिक जवळून वाजणाऱ्या एका वाद्याला उत्तम. सातआठ फुटांवरून बारा माणसांना त्याने पकडायचं तर गेन इतका वाढवावा लागेल की स्वस्त इंटरफेसची सळसळच जास्त ऐकू येईल.

झूममध्येच घ्यायचा तर एच४ इसेन्शियलसारखा बघा. वर एक्स-वाय जोडी (एकमेकांशी कोनात असलेले दोन माइक) बसवलेलीच आहे, खाली दोन एक्सएलआर इनपुट (बाहेरचे माइक जोडायला), दोन डबल-ए सेलवर चालतो, पॉवर बँकेवरही. पुढेमागे काकांना वेगळा माइक द्यावासा वाटला तर जागा आहे. नुसती जोडी पुरेशी असेल तर एच१ इसेन्शियल अजून लहान आणि स्वस्त, पण त्याला एक्सएलआर नाही. दोन्ही ३२ बिट फ्लोटवर रेकॉर्ड करतात, त्यामुळे गेनची कटकट नाही, नंतर खाली आणता येतं.

रीळवाला
३२ बिट फ्लोट म्हणजे जादू नव्हे. फाइलमध्ये आवाज फाटत नाही, कॅप्सूलमध्ये फाटतोच. कासाळें तोंडावर वाजवलं तर कुठलंही फ्लोट वाचवणार नाही. आणि घुमटाचं एक पक्कं ध्यानात ठेवा. त्याला दोन तोंडं: मोठ्यावर कातडं, मागचं लहान तोंड उघडं. वादक डावा तळवा त्या उघड्या तोंडावर ठेवून उघडझाप करतो, नाद तिथूनच बदलतो. थाप पडली की त्या तोंडातून हवेचा भपका निघतो. हाताचा पंजा समोर धरलात तर कळेल. माइक त्याच्या रेषेत असला की प्रत्येक थापेला भक्‌ भक्‌. म्हणून घुमट बाजूला वळवून धरायला सांगा, लहान तोंड माइककडे नको.

एक्स-वाय ठीक आहे. मला विचाराल तर दोन सुटे माइक १७ सेंटीमीटरवर, ११० अंशांत. फ्रेंच रेडिओची पद्धत. खोली खरी वाटते. पण ते तुमच्या बजेटात आणि स्कूटरवर बसायचं नाही.

स्टुडिओ_माळ्यावर
घरी रेकॉर्डिंग करताय तर भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा. आवाज बाहेर जात नाही. मी पूर्ण माळा तसाच केलाय.

ओलसर
ट्रेने आवाज अडत नाही, तारसप्तकातला थोडा प्रतिध्वनी कमी होतो एवढंच. वर पुठ्ठा पेट घेतो. आणि हे तर दुसऱ्यांच्या घरी जाणार आहेत. यजमानाच्या भिंतीला ट्रे लावणार?

स्टुडिओ_माळ्यावर
माझ्याकडे तरी फरक पडला.

खाडीपलीकडचा
ठरवलं. एच४ इसेन्शियल मागवतो. उरलेल्या पैशांत काय? हेडफोन लागेल का? आणि मामाकडे कॅमेऱ्याचा ट्रायपॉड आहे, तो चालेल की माइकचा स्टँड वेगळा घ्यावा लागेल? लवकर सांगा, आजच ऑर्डर करतोय.

पांढरी_पाच
हेडफोन कान झाकणारा, मागून बंद असलेला घ्या. महागडा नको. वाजवणाऱ्यांच्या गलक्यात माइकमध्ये काय येतंय ते एरवी कळत नाही. माइकवर घालायचं फरचं टोपडं नक्की घ्या, पंखा कुणीही बंद करू देणार नाही. कार्ड ३२ जीबीचं पुरे: ३२ बिट फ्लोट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ म्हणजे तासाला साधारण १.४ जीबी. कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा. दोन जोड्या रिचार्जेबल सेल. आणि चुलतभावांना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस नोट म्हणून पाठवलंत तर एवढं सगळं पाण्यात.

तारस्वर
दोन एक्सएलआर आहेत ना, मग काकांना एक माइक द्याच. आणि पुढच्या वर्षी तुम्ही इंटरफेसच घेणार, लिहून ठेवा.

रीळवाला
मामाचा ट्रायपॉड चालेल. रेकॉर्डरच्या खाली पाव इंची आटे असतात, कॅमेऱ्याचेच. माइकच्या स्टँडचे आटे जाड, त्याला अडॅप्टर लागतो, तो मागवायला विसरलात तर चवथीच्या सकाळी दुकान शोधत फिराल. फक्त मामाचा ट्रायपॉड साडेपाच-सहा फूट उंच होतो का ते आधी बघा, बरेचसे छातीपर्यंतच येतात. पायांखाली टॉवेलच्या घड्या घाला, लाकडी माळ्यावर नाचणाऱ्या पोरांची थरथर पायांतून वर चढते. आणि चवथीच्या आठवडाभर आधी तालीम असेल ना, तिथे एकदा लावून बघा. कासाळेंवाल्याला मागं जायला सांगायची सवय तेव्हाच झालेली बरी, ऐन दिवशी तो ऐकणार नाही.

खाडीपलीकडचा
कासाळेंवाला मीच आहे.