फ्लॉवरिंग क्विन्सला फुले का येईनाशी झाली?

अंगणवेल: न्यू जर्सीतील आमच्या घराच्या कुंपणालगत आधीच्या मालकांनी लावलेले फ्लॉवरिंग क्विन्सचे जुने झुडूप आहे. ऊन भरपूर मिळते, तरीही एप्रिलमध्ये आतल्या फांद्यांवर थोडी लाल फुले येतात आणि बाहेरचा सगळा भाग रिकामा राहतो. बागकाम करणारे लोक दर ऑक्टोबरमध्ये यंत्राने त्याला गोल आकार देऊन जातात. शिवाय जुलैअखेरीस निम्मी पाने गळतात. खत कमी पडते आहे, की झुडपाचे वय झाले आहे?

मातीकर: दोन्ही नाही, कारण ऑक्टोबरमधील कापणी हेच आहे. क्विन्सच्या कळ्या आदल्या वर्षीच जुन्या फांद्यांवर धरतात आणि हिवाळा काढून बहुधा पाने फुटण्याआधी उमलतात, त्यामुळे शरद ऋतूत वरून कातरले की पुढच्या वसंतातील फुलेच कापली जातात, आणि यंत्र पोचत नाही तेथे तेवढी उरतात. छाटणी फुले ओसरताच करावी, आणि तीही आकारासाठी नव्हे: सर्वांत जुन्या, जाड फांद्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जमिनीलगत करवतीने काढाव्यात व पुढील दोन वर्षे तसेच करावे, म्हणजे झुडूप हळूहळू नवे होते. काटे निर्दय असतात, तेव्हा जाड हातमोजे हवेतच. हिरवळीला घातलेले नत्रयुक्त खत मुळांशी पोचू देऊ नये. त्याने पालाच माजतो.

हिरवी_ओसरी: पानगळीबद्दल थोडे. वसंतात पाऊस फार झाला की पानांवर बुरशीचे ठिपके पडून ती उन्हाळ्यातच गळतात. दिसायला वाईट, पण झुडूप त्याने मरत नाही. गळलेली पाने गोळा करून टाकावीत आणि पाणी बुडाशी द्यावे. मात्र कोवळे शेंडे काळे पडून आकड्यासारखे वाकले, तर तो फायर ब्लाइट हा जिवाणूजन्य रोग असू शकतो. तसे असल्यास रोगट भागाच्या बरेच खाली कापावे आणि प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसावी.

कुंडीवाला_पुणे: हेच झुडूप पुण्यात गच्चीवर जगेल का?

मातीकर: जगले तरी फुलांची आशा धरू नये. कळ्या उमलण्यासाठी त्याला हिवाळ्यात दीर्घकाळ थंडी लागते आणि पुण्याची थंडी त्याला पुरत नाही.

अंगणवेल: आभारी आहे. यंदा ऑक्टोबरमध्ये झुडपाला हात लावू नये, असे त्या लोकांना कळवते. त्याला फळे येतात का?

हिरवी_ओसरी: येतात, पण जवळ दुसऱ्या जातीचे झुडूप असले तर अधिक धरतात. फळे कडक आणि आंबट असल्याने कच्ची खाववत नाहीत. पेक्टिन भरपूर असल्यामुळे जेली मात्र उत्तम होते.