ॲपमधल्या कॅलरी आणि आपलं हुमण (माशाची आमटी): आकड्यावर विश्वास ठेवावा का?

माटोळी
मत सरळ सांगते. गोव्यातलं घरचं जेवण मोजायला ही ॲपं कुचकामी आहेत. बेरीज-वजाबाकी बरोबरच असते, घोळ होतो नोंद निवडताना. ‘खोबरं’ शोधलं की सुक्याची नोंद पुढे येते, 100 ग्रॅमला 650च्या वर. ओल्या नारळाचा चव (खवलेलं ओलं खोबरं) 350 ते 400. वाटणात 50 ग्रॅम चव घातला, तर तिथंच सव्वाशे-दीडशे कॅलरी फुकटच्या वाढल्या. उकड्या तांदळाचा 200 ग्रॅम शिजलेला भात कच्च्या तांदळाच्या नोंदीत टाकला की 260च्या जागी 700. आणि बांगडा? मॅकरेल म्हणून समोर येतो तो अटलांटिकचा: 205 कॅलरी, 14 ग्रॅम चरबी. आपला बांगडा ती जातच नव्हे.

रापणकार
उदाहरणं खरी, निष्कर्ष चुकीचा. या चुका पकडता येतात. प्रत्येक नोंदीवर एक साधी तपासणी करा: प्रथिनं गुणिले 4, कर्बोदकं गुणिले 4, चरबी गुणिले 9. बेरीज दाखवलेल्या कॅलरींच्या जवळ यायला हवी. फार दूर असेल तर नोंद टाकून द्या. आकडा चौपटीहून थोडा जास्त दिसला तर कोणीतरी किलोज्यूल कॅलरी म्हणून भरलेत (ॲपमधली 1 कॅलरी ही खरं तर किलोकॅलरी, म्हणजे 4.184 किलोज्यूल). फेणीला मात्र ही तपासणी लागू नाही. तिथं तिन्ही रकाने शून्य आणि कॅलरी सगळ्या अल्कोहोलच्या, ग्रॅमला 7. साधारण 42 टक्क्यांची 30 मिली फेणी म्हणजे 70 कॅलरी.

भारतीय जिन्नसांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2017ची कोष्टकं आहेत. त्यात 528 पदार्थ आहेत. त्यातला आकडा एकदा ‘माझे पदार्थ’मध्ये भरून ठेवला की शोधायची कटकट संपली.

डिचोलीकर
कोष्टकंही सरासरीच देतात, भाई. मासळीची चरबी ऋतूप्रमाणे बदलते. तारली आणि बांगडा कधी तेलकट, कधी सुके. चरबी वाढते तेव्हा माशातलं पाणी कमी होतं, म्हणून वजन तेवढंच दिसतं आणि कॅलरी मात्र चढतात. 100 ग्रॅममागे 5 ग्रॅम चरबी जास्त म्हणजे 45 कॅलरी. वजनकाटा हे दाखवणार नाही.

पाकिटावरच्या आकड्यालाही फार मान देऊ नका. अमेरिकी नियमात प्रत्यक्ष कॅलरी छापल्यापेक्षा 20 टक्क्यांपर्यंत जास्त भरल्या तरी चालतं. बदामाचं तर उलटं. 28 ग्रॅमला हिशेबाने 170 येतात, पण 2012च्या अमेरिकी प्रयोगात शरीराला मिळालेल्या भरल्या 129. बाकीची चरबी पेशींत अडकून तशीच बाहेर जाते.

रापणकार
मान्य, पण ही चूक शे-पन्नासाची. मोठी गळती तेलात आणि वाटीत आहे. ‘फिश करी, 1 वाटी’ ही नोंद कधीच घेऊ नका. कोणाची वाटी, किती नारळ? असं करा: रिकाम्या टोपाचं वजन त्याच्या बुडाला लिहून ठेवा. 120 ग्रॅम चव (सुमारे 430) आणि 14 ग्रॅम तेल (126) म्हणजे साधारण 555. मिरची, आमसूल, हळद सोडून द्या. हुमण झाल्यावर मासे बाहेर काढून टोप तोला, टोपाचं वजन वजा करा. रस 900 ग्रॅम भरला तर 100 ग्रॅमला 62. मासा वेगळा, काटे-डोकं काढून.

रवा लावून तळताना तव्यात ओतलेलं तेल तोला, उरलेलं तोला. फरक पोटात गेला असं धरा. उडालेलं तेल आणि तव्यात राहिलेला रवा यामुळे थोडं इकडेतिकडे होईल.

माटोळी
म्हणजे काटा तुमचा, कोष्टक तुमचं, टोपही तुमचा. मग ॲपने केलं काय?

रापणकार
वही झालं. चूक रोज एकाच बाजूची असेल तर वहीसुद्धा पुरते. ॲप म्हणतं दिवसाला 500ची तूट. चौदा दिवसांत 7000, म्हणजे साधारण 900 ग्रॅम उतरायला हवेत (किलोभर चरबीला 7700 धरतात). सरासरी वजन 450च ग्रॅम उतरलं, तर खरी तूट 250. रोजच्या खाण्याचं लक्ष्य 250ने खाली आणा. आकडा खोटा असला तरी चालतं, कारण वजनाने तो सुधारला. फक्त खारवलेला बांगडा खाल्ल्याच्या दुसऱ्या सकाळचं वजन धरू नका. ते मिठाने धरलेलं पाणी असतं.

डिचोलीकर
‘रोज एकाच बाजूची’ हेच तर खरं नसतं. आज घरचं हुमण, उद्या खानावळीतली शाकुती. पोयदेखील (गोव्याचा पाव) एका पोदेराची (पाववाल्याची) लहान, दुसऱ्याची मोठी. 20 ग्रॅमचा फरक म्हणजे 50 कॅलरी.

रापणकार
पोयीला उपाय आहे. सहा एकत्र तोला, सहाने भागा. लग्नाचं ताट मात्र मोजता येत नाही. तो दिवस सरासरीतून वगळा, शून्य धरू नका.

माटोळी
वगळायचा? म्हणजे नेमका जड दिवस हिशेबाबाहेर आणि वजनात मात्र मोजलेला! त्यापेक्षा ढोबळ आकडा टाका. हजाराने चुकला तरी चौदा दिवसांत दिवसाला 70चाच फरक पडतो.