पिट्सबर्ग सावरलं म्हणतात, पण नेमकं कोण सावरलं?

अनुजा_स्क्विरलहिल

अमेरिकेतल्या मध्यम आकाराच्या शहरांचा विषय निघाला की पिट्सबर्गचं नाव कौतुकाने घेतलं जातं. पोलादाचे कारखाने बंद पडले, शहर मोडलं आणि मग विद्यापीठं व रुग्णालयांच्या जोरावर पुन्हा उभं राहिलं. २००९ ची जी-२० परिषद इथे भरली तेव्हाही हेच सांगितलं गेलं. इथे शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांनाही पहिल्याच महिन्यात कोणीतरी हे ऐकवतंच. मला ही गोष्ट अर्धी वाटते. उरलेली अर्धी कोणी काढत नाही म्हणून हा धागा काढते आहे.

१९५० साली शहराची लोकसंख्या ६ लाख ७६ हजार होती आणि देशात बारावा क्रमांक होता. २०२० च्या जनगणनेत ती ३ लाख ३ हजारांवर आली. १९८३ च्या सुरुवातीला या परिसरात बेकारी १७ टक्क्यांच्या आसपास गेली होती. त्या दशकात तरुण माणसं जिथे काम मिळेल तिथे गेली. आज देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात स्टीलर्स या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सामन्याला गच्च भरणारा एखादा बार सापडतो, तो याच मंडळींमुळे. आता बेकार माणूस गाव सोडून गेला की गावातल्या बेकारीचा आकडा उतरणारच. त्याला सावरणं म्हणायचं का?

अलीकडचं बघा. २०१० ते २०२० या दहा वर्षांत शहराची एकूण लोकसंख्या जेमतेम पावणेतीन हजारांनी घटली, म्हणजे स्थिरच म्हणा. पण त्याच काळात कृष्णवर्णीय रहिवासी दहा हजारांहून जास्त कमी झाले. बेरीज तीच राहिली, माणसं बदलली. ईस्ट लिबर्टी भागात नाबिस्कोची बिस्किटांची बेकरी होती. ती १९९८ साली बंद झाली आणि २०१० पासून तिथे गूगलचं ऑफिस आहे. चांगलंच झालं. पण तिथून जवळच पेन प्लाझा नावाच्या स्वस्त भाड्याच्या इमारती होत्या, तिथल्या दोनशेहून जास्त रहिवाशांना २०१५ साली घरं सोडायच्या नोटिसा आल्या. आता त्या जागी होल फूड्स हे महागडं किराणा दुकान आहे.

हे सगळं एका तिकिटात बघायचं असेल तर ओकलंड या शहरातल्या विद्यापीठांच्या भागातून ६१ सी बस पकडा. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या थांब्यावर बस मुलांनी भरते, फोर्ब्ज आणि मरेच्या चौकात निम्मी रिकामी होते. पूल ओलांडून होमस्टेड आलं की पाठीवर लॅपटॉपची बॅग असलेलं कोणीच उरत नाही. राहतात त्या रुग्णालयाचे स्क्रब्ज घातलेल्या बायका, मांडीवर जेवणाचा डबा, खिडकीला डोकं टेकवून झोपलेल्या. ही बस जिथे संपते त्या मॅकीस्पोर्टमध्ये १९४० साली ५५ हजार लोक राहत होते. २०२० मध्ये १८ हजारही उरले नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की शहराची सरासरी सुधारली म्हणून तिथल्या माणसांचं भलं झालं असं होत नाही. तुम्हांला काय वाटतं?

मनरोव्हिलचे_काका

अनुजा, कळकळ पोचली, पण हिशेब पटला नाही.

मी १९७४ साली वेस्टिंगहाऊसमध्ये नोकरीला लागलो. त्या काळात माझ्यासारखे बरेच भारतीय अभियंते मनरोव्हिल या उपनगरात आणि आसपास राहायला आले. १९७६ साली पेन हिल्सला वेंकटेश्वराचं देऊळ उभं राहिलं ते याच मंडळींच्या वर्गणीतून आणि खटपटीतून. त्यामुळे कारखाने बंद होण्याच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही पिट्सबर्ग मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

लोकसंख्येचे मधले आकडे तू सोडलेस. १९८० साली शहरात ४ लाख २४ हजार माणसं होती. म्हणजे १९५० पासून अडीच लाख लोक कमी झाले ते धुराडी धडधडत असताना. नवे रस्ते झाले, गाड्या आल्या, अंगण असलेली घरं मिळाली, लोक उपनगरांत गेले. त्याचा पोलादाच्या घसरणीशी संबंध नाही.

आणि तुलना कशाशी करायची ते आधी ठरव. इथून गाडीने तासा-सव्वातासावर यंगस्टाउन आहे. तिथे सप्टेंबर १९७७ मध्ये एका सोमवारी मोठा पोलाद कारखाना बंद करत असल्याची घोषणा झाली. आज त्या शहरात ६० हजार लोक आहेत, १९३० साली १ लाख ७० हजार होते. तिथे कोण गूगल आणि कोण रुग्णालय! पिट्सबर्गचंही तेच व्हायचं होतं. ते झालं नाही, कारण इथे वेळेत पेरणी झाली होती. कार्नेगी मेलनमध्ये रोबोटिक्सची संस्था १९७९ साली निघाली. यकृतरोपण करणारे स्टार्झल १९८१ साली पिट्सबर्ग विद्यापीठात आले. त्याआधी १९५५ मध्ये साल्क यांची पोलिओची लस इथूनच जगात गेली. कोणी जादूची कांडी फिरवली नाही, लोकांनी काम केलं. त्याला अर्धी गोष्ट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तीन_नद्या

दोघांच्याही आकड्यांत एक गफलत आहे, ती म्हणजे शहराची हद्द. पिट्सबर्ग ज्यात येतं त्या अलेगेनी काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, १३० नगरपालिका आहेत. होमस्टेड, ब्रॅडॉक, मॅकीस्पोर्ट यांतलं काहीच पिट्सबर्ग शहरात मोडत नाही. शहरात ३ लाख, काउंटीत साडेबारा लाख आणि पूर्ण महानगर परिसरात साधारण पावणेचोवीस लाख लोक आहेत. ओहायोतल्या कोलंबसने १९५० नंतर धोरणच ठरवलं की पाणी आणि मलवाहिनी हवी असेल तर आमच्या हद्दीत या. आज ते नऊ लाखांचं शहर आहे. पिट्सबर्गने शेवटचा मोठा घास घेतला तो १९०७ मध्ये, नदीपलीकडचं अलेगेनी शहर. तिथल्या बहुसंख्य लोकांनी विरोधात मत दिलं होतं, पण दोन्ही शहरांची मतं एकत्र मोजली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि पिट्सबर्ग जिंकलं. त्यानंतर आजूबाजूच्या गावांनी जो धसका घेतला तो घेतलाच. हद्द न वाढवणारं शहर कागदावर नेहमीच आक्रसलेलं दिसतं.

अनुजा_स्क्विरलहिल

काका, १९५० ते ८० मधले लोक उपनगरांत गेले हे खरं. पण तेव्हा कोणाला जाता येत होतं? कृष्णवर्णीय कुटुंबांना कर्जही मिळत नव्हतं आणि उपनगरांत घरही. त्यांच्या वाट्याला काय आलं, तर लोअर हिल. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी रंगमंडप बांधायचा म्हणून ती अख्खी वस्ती पाडली, सुमारे आठ हजार माणसं उठवली. तो रंगमंडप पुढे आइस हॉकीचं मैदान झाला, २०१२ पर्यंत तोही पाडला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ती जागा गाड्या लावायला वापरली गेली. म्हणजे तुम्ही ज्याला नैसर्गिक स्थलांतर म्हणता त्यातही कोणी आपल्या पायांनी गेलं आणि कोणाला उठवलं गेलं, हा फरक आहे.

यंगस्टाउनपेक्षा आपण बरे, हे मान्य. पण २०१९ साली खुद्द पिट्सबर्ग शहराच्या स्त्री-पुरुष समानता आयोगाने अहवाल काढला. त्याचा निष्कर्ष असा की कृष्णवर्णीय स्त्रियांनी देशातल्या जवळपास कुठल्याही तुलनीय शहरात मुक्काम हलवला तर त्यांचं आरोग्य, कमाई, शिक्षण यात सुधारणाच होईल. राहण्यालायक शहरांच्या यादीत वर असणाऱ्या गावाबद्दल हे लिहिलं आहे.

आकडेमोड

त्या अहवालाबद्दल नाही, पण शहरातल्या गरिबीच्या आकड्याबद्दल सावध राहायला हवं. शहरात दर पाचांतला जवळपास एक माणूस दारिद्र्यरेषेखाली दिसतो. यात ओकलंडमध्ये भाड्याच्या घरात राहणारे विद्यार्थी धरलेले असतात. वसतिगृहातली मुलं या मोजणीतून वगळतात, बाहेर खोली घेतली की मोजतात. मी स्वतः दोन वर्षं त्या अर्थाने गरीब होतो आणि आज माझा पगार उत्तम आहे. शहराचं सरासरी वयही याच मुलांमुळे खाली येतं. काउंटीचं बघाल तर ती म्हातारी आहे, वर्षानुवर्षं जन्मांपेक्षा मृत्यू जास्त. ऐंशीच्या दशकात जी तरुण पिढी गेली तिची मुलं दुसरीकडे जन्मली, हे त्याचं कारण. म्हणून मला तर बाहेरून येणारे लोक हीच या शहराची गरज वाटते. आपण आलो म्हणून कोणाची जागा गेली असं मानायला माझं मन तयार नाही. घरंही अजून परवडतात, अडीच लाख डॉलरच्या आत शहरात चांगलं घर मिळतं. बॉस्टनला सांगून बघा.

शुभांगी_आरएन

मी इथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पोलाद गेलं आणि आरोग्यसेवा आली, असं सगळे दोन वेगळ्या गोष्टींसारखं लिहितात. प्रत्यक्षात दुसरी पहिलीच्या पोटातून आली. पोलाद कामगारांच्या युनियनने भांडून उत्तम आरोग्य विमा मिळवला होता. त्या पैशांवर या खोऱ्यात रुग्णालयं वाढली. कारखाने बंद झाले, तरुण निघून गेले, मागे राहिले ते वय झालेले कामगार. कोणाची फुप्फुसं गेलेली, कोणाची पाठ, कोणाचे कान. त्यांच्याकडे निवृत्तीनंतरचा विमा आणि मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी विमा, होता, म्हणून खाटा भरत राहिल्या. आणि त्यांची शुश्रूषा करायला कोण आलं? त्यांच्याच बायका, मुली, सुना. घरात नवऱ्याचा पगार बंद झाला म्हणून ज्या पहिल्यांदा कामाला बाहेर पडल्या त्या.

माझ्या वॉर्डात एक आजोबा होते, मोनोंगाहिला नदीच्या काठावरच्या कारखान्यात तीस वर्षं भट्टीवर काढलेली. त्यांना व्हीलचेअरवरून एक्स-रेला नेणारी बाई त्यांच्याच गल्लीतली निघाली. तिचा सासरा आजोबांच्याच पाळीला असायचा. दोघांनी लिफ्टमध्ये पगाराची तुलना केली. आजोबांना ऐकून धक्का बसला, कारण त्यांनी आपल्या पगारात घर घेतलं होतं आणि तीन मुलं शिकवली होती. तिला दुसरी नोकरी करावी लागते.

त्यामुळे अनुजा, बाहेरून आलेल्यांनी जुन्यांना हटवलं हा तुझा मुद्दा मला अर्धवट वाटतो. बरेच जुने लोक इथेच आहेत, त्यांचं काम बदललं आणि कामाची किंमत उतरली. पोलादाचं काम आतून काही चांगलं नव्हतं, माणसं भाजायची, मरायची. ते चांगल्या पगाराचं झालं ते युनियनमुळे. रुग्णालयातलं कामही तसं होऊ शकतं. खरा प्रश्न तिथे आहे, गूगलच्या ऑफिसात नाही.

लालबागचा_मुलगा

मी मुंबईतून वाचतोय. वडील गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर पुन्हा कामावर गेले नाहीत. होमस्टेडचा कारखाना १९८६ ला बंद झाला आणि १९९९ पासून तिथे वॉटरफ्रंट नावाचा मॉल आहे, बारा धुराडी तेवढी ठेवली आहेत, हे वाचलं होतं. आमच्याकडेही चिमणीखाली मॉल झाले. पण एक फरक लक्षात घ्या. मुंबईत गिरणी गेली आणि जमीन सोन्याची झाली, त्यामुळे कामगाराला चाळीतली खोलीही टिकवता आली नाही, तो विरार, बदलापूरला गेला. तुमच्याकडे जमीन स्वस्तच राहिली, म्हणून उरलेल्यांच्या डोक्यावर छप्पर तरी राहिलं. आता ईस्ट लिबर्टीसारख्या भागात भाव चढायला लागले असतील तर तिथे वेळीच भाड्याच्या घरांचं बघा. आम्ही उशीर केला.

मनरोव्हिलचे_काका

शुभांगीताईंचं म्हणणं पटलं, आजोबांचा किस्साही. पण पगार वाढवायचे, स्वस्त घरं बांधायची, तर पैसा कुठून आणायचा? हे शहर २००३ ते २०१८, पंधरा वर्षं राज्याच्या नोंदीत आर्थिक संकटातलं शहर होतं. रोबोटिक्सवरही डोळे मिटून भिस्त ठेवता येत नाही, स्वयंचलित गाड्या बनवणारी इथली अर्गो एआय कंपनी २०२२ मध्ये एका झटक्यात बंद झाली. हातातल्या कोंबड्या कापू नका एवढंच म्हणतो.

अनुजा_स्क्विरलहिल

पैसा कुठून, याचं उत्तर शहराच्या मध्यावर उभं आहे. ६४ मजल्यांच्या यू. एस. स्टील टॉवरवर २००८ पासून यूपीएमसी या रुग्णालय-समूहाची अक्षरं आहेत. शहरात सर्वात जास्त नोकऱ्या देणारा तोच, आणि धर्मादाय संस्था म्हणून त्याच्या बहुतेक मालमत्तेवर कर नाही. दोन्ही मोठ्या विद्यापीठांचंही तेच. २०१३ साली महापालिकेने यूपीएमसीविरुद्ध दावा लावला, पुढच्या वर्षी महापौर बदलले आणि दावा मागे घेतला. त्याआधी २०१० मध्ये यूपीएमसीने ब्रॅडॉकचं रुग्णालय बंद केलं, ज्या गावात १८७५ पासूनचा एडगर थॉमसन कारखाना आजही चालू आहे. तिथल्या माणसाला छातीत दुखलं तर आता दुसऱ्या गावात जावं लागतं. कोंबडी कापा असं कोणी म्हणत नाही, अंड्यांचा हिशेब मागतो आहोत.

आणि आपलाही थोडा हिशेब मांडूया. शहरात राहणारा माणूस कमाईवर ३ टक्के स्थानिक कर भरतो, एक शहराला आणि दोन शाळांना. उपनगरांत बहुतेक ठिकाणी एकच टक्का. आपली बरीच मंडळी शहरात नोकरी करतात, क्रॅनबेरी, वेक्सफर्ड, मनरोव्हिलला राहतात, आणि पिट्सबर्गला त्यांच्याकडून स्थानिक सेवा कर म्हणून वर्षाला ५२ डॉलर मिळतात. रस्ते, पूल, बर्फ काढणं, अग्निशमन, सगळं त्यात. काका, तुम्ही चाळीस वर्षं त्याच पुलांवरून ये-जा केलीत.

मनरोव्हिलचे_काका

केली, आणि नियमाने जेवढा कर होता तेवढा भरला. नियम बदला, जास्त भरू. पण तो बदलायला राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गच्या विधिमंडळात बहुमत लागतं, आणि तिथे १३० नगरपालिकांतले आमचे आमदारही बसतात. तीन_नद्या म्हणतात ती हद्द तिथे आडवी येणार. तुझ्याकडे त्यावर काही तोड असेल तर लिही, मी वाचायला आहे.