सल्ला हवा: ट्युरिंगच्या खुणा पाहण्यासाठी एका दिवसात कुठे जावे?

अनुजा_ठाणे:
नमस्कार. मे महिन्यात मी आणि माझी नववीतली मुलगी लंडनला भावाकडे जात आहोत. तिला ब्रिटिश गणिती आणि संगणकशास्त्राचा प्रणेता अ‍ॅलन ट्युरिंग याच्याविषयी विलक्षण कुतूहल असल्यामुळे एक दिवस खास त्याच्यासाठी राखून ठेवला आहे. प्रवास आणि तिकिटे मिळून दोघींचा खर्च साठ पौंडांच्या आत बसवायचा आहे. कुठे जावे?

खडूफळा:
दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश फोडण्याचे ब्रिटिश केंद्र असलेल्या ब्लेचली पार्कला पर्याय नाही. युस्टनहून गाडी तासाभरात पोहोचवते आणि आवार स्थानकासमोरच आहे. जर्मन नौदलाचे एनिग्मा या सांकेतिक यंत्राने लिहिलेले संदेश जिथे फोडले, ती ८ क्रमांकाची हट (लाकडी बराक) अवश्य पाहावी. चोरीला जाऊ नये म्हणून ट्युरिंग आपला चहाचा मग तिथल्या रेडिएटरला साखळीने बांधून ठेवत असे. आम्ही चौघे गेलो, तिथेच जेवलो, भरपूर खरेदी केली. अशा ठिकाणी खर्चाचा हिशेब मांडू नये.

जुना_प्रोग्रामर:
त्याच आवारातले नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंग ही स्वतंत्र संस्था असून तिचे तिकीट आणि उघडण्याचे वार वेगळे आहेत. आम्ही वार न पाहता गेलो आणि बंद दारासमोर डबा खाऊन परतलो, चूक आमचीच. दुसऱ्या खेपेला मात्र एनिग्माची मांडणी शोधणाऱ्या ‘बॉम्ब’ यंत्राची चालती प्रतिकृती पाहिली. एनिग्मात कोणतेही अक्षर कधीही स्वतःच्याच रूपात उमटत नसे. म्हणून हवामानाच्या वृत्तातला एखादा अपेक्षित शब्द संदेशाखाली सरकवत न्यायचा आणि जिथे वरखाली एकच अक्षर येईल ती जागा सोडून द्यायची. उरलेल्या जागेवरून बेतलेली जोडणी यंत्रावर चढवली की त्याचे १०८ ड्रम खडखडत फिरतात आणि विसंगत मांडण्या बाद होत जातात. तो आवाज ऐकल्याशिवाय हे डोक्यात शिरत नाही.

पेठकर:
ब्लेचलीचा कोलोसस हा संगणक ट्युरिंगने बांधला, असे इथे कोणी लिहिण्यापूर्वीच सांगतो: तो टपाल खात्याचे अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनी लॉरेन्झ या दुसऱ्या जर्मन सांकेतिक यंत्राचे संदेश फोडण्यासाठी बांधला. शिवाय पोलंडच्या मारियन रेयेव्स्की यांनी १९३२ मध्येच एनिग्माची अंतर्गत जोडणी उलगडली होती. हे मी पूर्वीही लिहिले होते. कोणी वाचले नाही.

मिलिंद_स्लाव:
ब्लेचलीच! युस्टनहून थेट गाडी मिळते. आणि ट्युरिंग मूळचा आपल्या मद्रासचा, हे मुलीला जरूर सांगा.

पेठकर:
मूळचा मुळीच नव्हे. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते आणि आईचा जन्म पोदनूरचा. परंतु ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनच्या मेडा व्हेल भागात झाला. ते घर आता हॉटेल आहे आणि बाहेरची निळी पाटी फुकट वाचता येते.

सुमेधा_क:
धागाकर्तीने साठ पौंड म्हटले आहे, हे कोणी वाचले का? लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये प्रवेश विनामूल्य आहे आणि तिथे पायलट एस आहे. ट्युरिंगने १९४५च्या सुमारास आखलेल्या संगणकाचे हे छोटे रूप १९५० मध्ये चालू झाले. दिरंगाईला कंटाळून तो तोवर मँचेस्टरला निघून गेला होता. तिथल्या सॅकव्हिल पार्कमध्ये बाकावर बसलेला, हातात सफरचंद घेतलेला त्याचा पुतळा आहे. समलैंगिक संबंधांबद्दल १९५२ मध्ये त्याला दोषी ठरवले गेले, तुरुंग टाळण्यासाठी त्याने संप्रेरकांची इंजेक्शने पत्करली आणि ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. राजक्षमा मिळायला २०१३ चा डिसेंबर उजाडला.

अनुजा_ठाणे:
सर्वांचे आभार. मुलीने सगळी उत्तरे वाचली आणि मँचेस्टर निवडले. तिला यंत्रांपेक्षा त्या बाकावर त्याच्याशेजारी बसायचे आहे. रेल्वे परवडत नाही, तेव्हा कोच बसने जाऊ.

खडूफळा:
एका बाकासाठी जाऊन-येऊन दहा तास? ब्लेचली स्थानकासमोर आहे, हे मी स्पष्ट लिहिले होते.

सुमेधा_क:
जाऊ द्या त्यांना. अनुजाताई, बस आधीच आरक्षित करा आणि छत्री घ्या. मँचेस्टरच्या पावसात तो बाक क्वचितच कोरडा असतो.